दीर्घिकांच्या गाभ्यांतील दोन अग्नि

दिवाळीच्या रात्रीं दूरच्या टेकडीवरून गांवाकडे पाहिलें असतां एखाद्या वाड्याच्या खिडक्यांतून लख्ख उजेड बाहेर पडतांना दिसतो. आंत एकच मोठी गॅसबत्ती पेटविलेली आहे, कीं शेंकडों पणत्यांची आरास मांडलेली आहे, हें टेकडीवरून ओळखतां येईल काय? उजेड किती आहे एवढेंच मोजावयाचें म्हटलें तर येणार नाहीं. परंतु पणतीचा प्रकाश पिवळसर व मवाळ, बत्तीचा पांढरा व प्रखर. तेव्हां उजेडाची जात पाहिली तर कांहीं अनुमान बांधतां येतें. आणि वाड्यांत दोन्ही असतील तर? मग बत्तीचा वांटा किती आणि पणत्यांचा किती, असा हिशेब मांडावा लागतो. खगोलशास्त्रांत ऐंशींहून अधिक वर्षें नेमका हाच हिशेब चाललेला आहे, आणि तो अजून पुरता जुळलेला नाहीं.

हा वाडा म्हणजे दीर्घिका. अब्जावधि तारे, वायु आणि धूळ यांचा, आपल्या आकाशगंगेसारखाच, एक प्रचंड संसार. पणत्या म्हणजे तिच्यांत नुकतेच जन्मलेले तप्त तारे. आणि बत्ती म्हणजे तिच्या मध्यबिंदूशीं बसलेलें कृष्णविवर. येथें एक शंका साहजिकच निघेल. ज्यांतून प्रकाशसुद्धां सुटूं शकत नाहीं त्या विवराला बत्ती कसें म्हणावें? याचें उत्तर असें कीं, प्रकाश विवराचा नसून विवरांत पडूं पाहणाऱ्या वायूचा असतो. हा वायु सरळ आंत कोसळत नाहीं. मोरीच्या भोंकाशीं पाणी जसें गरगरत जातें, तसा तो चकतीच्या आकारानें फिरत फिरत आंत सरकतो. त्याचे थर एकमेकांवर घांसतात आणि तापून प्रज्वलित होतात. ताऱ्याच्या पोटांत हायड्रोजनचें हेलियम होतांना हजारांतील केवळ सात भाग वस्तुमानाची ऊर्जा होते. विवराकडे ओघळणाऱ्या वायूच्या बाबतींत तें प्रमाण शेंकडा दहाच्या आसपास जातें. म्हणून ज्या दीर्घिकेच्या विवराला भरपूर खाद्य मिळतें, तिचा इवलासा गाभा बाकीच्या साऱ्या ताऱ्यांना लाजवितो. अशा दीर्घिकेस सक्रिय दीर्घिका असें म्हणतात.

गंमत अशी कीं, हा प्रकाश प्रथम पाहिला गेला तेव्हां दीर्घिका म्हणजे काय हेंच कोणास नीट ठाऊक नव्हतें. १९०८ सालीं अमेरिकेंतील लिक वेधशाळेंत एडवर्ड फाथ यांनीं तिमिंगल राशींतील एन. जी. सी. १०६८ या तेजोमेघाचा वर्णपट घेतला. (मेसियेच्या प्रसिद्ध यादींत हाच ७७ वा.) ताऱ्यांच्या समूहाकडून अपेक्षा काळ्या रेषांची, येथें उलट ठळक, तेजस्वी रेषा आढळल्या. १९४३ त कार्ल सेफर्ट यांनीं अशा सहा दीर्घिकांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांतील कित्येक रेषा फार रुंद आहेत हें दाखविलें. रेषा रुंद होते ती प्रकाश देणारा वायु कांहीं आपल्याकडे तर कांहीं आपल्यापासून दूर धांवत असल्यामुळें. येथें तो वेग सेकंदास हजारों किलोमीटर निघाला. काळ महायुद्धाचा होता, आणि पुढें कित्येक वर्षें त्या निबंधाकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १९६३ त मार्टिन श्मिट यांनीं ३ सी २७३ नांवाचा ताऱ्यासारखा दिसणारा ठिपका दोनशें कोटींहून अधिक प्रकाशवर्षें दूर असल्याचें सिद्ध केलें, तेव्हां मात्र सर्वांची झोंप उडाली. एवढ्या अंतरावरून इतका उजेड द्यावयाचा तर आंत काय पेटलें असेल? १९६४ त सालपीटर व झेल्डोविच या दोघांनीं स्वतंत्रपणें विवराकडे पडणाऱ्या वायूचें उत्तर सुचविलें.

तें लगेच सर्वमान्य झालें असें मात्र नव्हे. १९८५ त टेर्लेविच आणि मेल्निक यांनीं विचारलें कीं, विवर मुळांत हवेंच कशाला? पुरेसे वजनदार आणि अतितप्त तारे एका ठिकाणीं जमले तर तेही असलाच वर्णपट देतील. म्हणजे सगळ्या पणत्याच, बत्ती नाहींच. हा आक्षेप हटवादी नव्हता. त्यामागें गणित होतें, आणि त्याला पुराव्यानेंच उत्तर देणें भाग होतें. तो पुरावा १९९५ त एन. जी. सी. ४२५८ या दीर्घिकेकडून आला. तिच्या गाभ्याभोंवतीं फिरणाऱ्या पाण्याच्या वाफेच्या रेडिओ-ठिपक्यांचा वेग मोजतां आला, आणि सूर्याभोंवतीं ग्रह फिरावे तितक्या नियमानें ते फिरत असल्याचें दिसलें. मध्यें साडेतीन कोटी सूर्यांहून अधिक वस्तुमान, आणि तेंही इतक्या अरुंद जागेंत कीं तेथें ताऱ्यांचा थवा फार काळ टिकणार नाहीं. टेर्लेविच यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें ठरलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. कारण सक्रिय दीर्घिकांच्या मध्यभागीं नव्या ताऱ्यांची गर्दीही पुष्कळदां असते, हें पुढें वारंवार आढळलें. वाद मग "बत्ती कीं पणत्या" असा न राहतां "प्रत्येकाचें किती" असा झाला.

आतां एवढ्या दूरच्या उजेडाची वांटणी करण्याचा खटाटोप कशासाठीं? एखाद्या दीर्घिकेंत तारे किती वेगानें जन्मतात हें मोजण्याची रूढ रीत म्हणजे हायड्रोजनची तांबडी रेषा मोजणें. वजनदार तारे अल्पायुषी असतात, ते कांहीं दशलक्ष वर्षांतच संपतात; तेव्हां त्यांच्या किरणांनीं उजळलेला हायड्रोजन दिसला म्हणजे तेथें ताजा पाळणा हलला आहे असें समजावें. परंतु कृष्णविवराभोंवतींचा प्रकाशही हायड्रोजनला तसाच उजळतो. तो वजा न करतां हिशेब केला तर विवराच्या उजेडाची नोंद ताऱ्यांच्या जन्मखात्यांत होते. इकडे प्रश्न असा आहे कीं, विवराचा प्रकोप दीर्घिकेंतील वायु उडवून देऊन ताऱ्यांचा जन्म थांबवितो काय? वांटणी चुकली तर जेथें विवर सर्वांत अधिक भडकलें आहे, तेथेंच ताऱ्यांचा सुकाळ आहे, असा नेमका उलटा निष्कर्ष हातीं येईल. विवराचें वस्तुमान आणि दीर्घिकेच्या मधल्या फुगवट्यांतील ताऱ्यांची गति यांचा घनिष्ठ संबंध २००० सालीं दोन गटांनीं दाखवून दिला. तेव्हांपासून तर हा प्रश्न बाजूस सारतां येण्यासारखा राहिलेला नाहीं.

उजेडाची जात ओळखण्याचें साधन म्हणजे वर्णपट. विरळ वायूंतील अणूवर प्रखर किरण आदळला कीं अणूचा एखादा इलेक्ट्रॉन सुटतो. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढावयास १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन काढावयास ३५ लागतात. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला हा ऑक्सिजन वर्णपटांत ५००७ अँगस्ट्रॉमवर एक सुंदर हिरवी रेषा देतो. या रेषेनें शास्त्रज्ञांना एकदां चांगलेंच चकविलें होतें. १८६४ त विल्यम हगिन्स यांना ती एका तेजोमेघांत दिसली. पृथ्वीवरील कोणत्याही पदार्थाशीं ती जुळेना, म्हणून पुढें "नेब्युलियम" नांवाचें एक नवें मूलद्रव्यच कल्पिण्यांत आलें. १९२७ त आयरा बोवेन यांनीं दाखविलें कीं हा आपला नेहमींचाच ऑक्सिजन. मात्र आपल्या प्रयोगशाळांतील उत्तमांतल्या उत्तम निर्वात नळींतही जितकी दाटी असते, त्याहून कितीतरी विरळ अवस्थेंत तो तेथें आहे, म्हणून ही रेषा उमटते.

ताजे तप्त तारे चाळीस-पन्नास हजार अंशांचे असतात. ३५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत त्यांची मजल जाते; त्यापुढें त्यांचे किरण झपाट्यानें आटतात. विवराभोंवतींचा प्रकाश मात्र क्ष-किरणांपर्यंत पसरलेला असतो. दोघांतला दुसरा भेद असा कीं, क्ष-किरण वायूच्या मेघांत खोलवर शिरतात. ताऱ्याभोंवतींचा तेजस्वी गोल ठराविक सीमेपाशीं एकदम संपतो. विवराच्या प्रकाशांत मात्र त्या सीमेपलीकडेही अर्धवट तापलेला वायूचा एक रुंद पट्टा तयार होतो. तेथें नायट्रोजनच्या तांबड्या रेषेला जोर चढतो, हायड्रोजनच्या रेषेला त्या मानानें चढत नाहीं.

या दोन गोष्टींवरून १९८१ त बॉल्डविन, फिलिप्स आणि टेर्लेविच (तेच वरचे) यांनीं एक आलेख सुचविला. उभ्या अक्षावर हिरव्या ऑक्सिजन-रेषेचें हायड्रोजनच्या ४८६१ अँगस्ट्रॉमच्या रेषेशीं प्रमाण. आडव्या अक्षावर नायट्रोजनच्या ६५८४ च्या रेषेचें हायड्रोजनच्या ६५६३ च्या रेषेशीं प्रमाण. रेषांची ही निवड फार शहाणपणाची आहे. अंतराळांतील धूळ निळा प्रकाश अधिक गिळते व तांबडा कमी. परंतु प्रत्येक जोडींतील दोन्ही रेषा वर्णपटांत एकमेकींच्या शेजारीं असल्यामुळें धूळ दोघींनाही सारखेंच मारते आणि प्रमाण जवळजवळ अबाधित राहतें. दोन प्रमाणें कां, एक कां नाहीं, असेंही कोणी विचारील. जड मूलद्रव्यें कमी असलेल्या वायूंत साध्या नवजात ताऱ्यांभोंवतींही हिरवी रेषा जोरकस असते. पण तेथें नायट्रोजन क्षीण असतो. तेव्हां दोन्ही प्रमाणें एकदम मोठीं निघालीं तरच विवरावर संशय घ्यावा.

२००१ त लिसा क्युली व सहकाऱ्यांनीं गणितानें एक सीमारेषा आंखली: कितीही जोरदार तारकाजन्म झाला तरी केवळ ताऱ्यांच्या बळावर हिच्यापलीकडे जातां येणार नाहीं. २००३ त गिनेव्हर काउफमान व सहकाऱ्यांनीं स्लोन सर्वेक्षणांतील १,२२,८०८ दीर्घिका तपासल्या आणि प्रत्यक्ष निरीक्षणावरून दुसरी, अधिक खालची रेषा आंखली. तिच्यावरून २२,६२३ दीर्घिका सक्रिय ठरल्या. दोन रेषांच्या मधल्या प्रदेशांतील दीर्घिकांना "मिश्र" म्हणूं लागले. हें नांव सोयीचें खरें, परंतु थोडें फसवेंही आहे. मिश्र म्हणजे निम्मे-निम्मे असा अर्थ लावणें चूक होय. शिवाय मिश्रण कशाचें, हें यंत्राच्या खिडकीवरही ठरतें. स्लोन सर्वेक्षणांत प्रत्येक दीर्घिकेचा प्रकाश तीन विकला रुंदीच्या कांचतंतूनें टिपला जाई. शंभर-सव्वाशें कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकेच्या बाबतींत तेवढ्या रुंदींत सुमारें अठरा हजार प्रकाशवर्षांचा प्रदेश मावतो. म्हणजे बत्ती, पणत्या, अंगण आणि परसू, सगळें एकाच चिमटींत!

या आलेखावर आणखी एक तिऱ्हाईत येऊन बसतो. १९८० त टिमोथी हेकमन यांनीं मंद रेषांच्या एका वर्गाकडे लक्ष वेधलें. त्यांची ठेवण विवराच्या प्रकाशासारखी, पण जोर कमी. पुष्कळ काळ त्यांना दुबळीं विवरें समजलें गेलें. पुढें ध्यानांत आलें कीं, आयुष्य संपत आलेले, बाहेरचीं आवरणें टाकून उघडे पडलेले म्हातारे तारेही अतितप्त असतात, आणि जेथें दुसरा उजेड नाहीं तेथें त्यांचाच मिणमिणता प्रकाश अशा रेषा उमटवितो. यासाठीं २०११ त सिद फर्नांडिस व सहकाऱ्यांनीं हायड्रोजनच्या तांबड्या रेषेचा ताऱ्यांच्या पार्श्वप्रकाशाच्या मानानें असणारा जोर पाहण्याची रीत रूढ केली. तो तीन अँगस्ट्रॉमहून कमी भरला तर विवराचें नांव घेण्याची घाई करूं नये. म्हाताऱ्यांवर आळ घेण्यापूर्वीं विचारपूस करावी तशी म्हाताऱ्यांना श्रेय देण्यापूर्वींही करावी लागते, एवढेंच.

सगळा गाभाच धुळीनें भरलेला असेल तर दृश्य प्रकाशाचा कांहींएक उपयोग नाहीं. १९८३ त आयरास या उपग्रहानें अवरक्त प्रकाशांत सूर्याच्या दहा खर्व पटींहूनही अधिक तळपणाऱ्या दीर्घिका दाखविल्या. त्यांचा बहुतेक उजेड धूळ गिळून उष्णतेच्या रूपानें परत देते. त्यांच्या पोटांत काय? १९९५ त सोडलेल्या युरोपीय आयएसओ दुर्बिणीनें याचा छडा लावण्यास मदत केली. निऑनचा चौथा इलेक्ट्रॉन काढावयास ९७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. तें काम साध्या ताऱ्यांच्या आटोक्याबाहेरचें. उलट काजळीशीं नातें सांगणारे कार्बनचे मोठे रेणु नव्या ताऱ्यांच्या परिसरांत झळकतात, पण विवराच्या क्ष-किरणांपुढें टिकत नाहींत. अशा खुणा पाहून गेन्झेल व सहकाऱ्यांनीं १९९८ त सांगितलें कीं, या अतितेजस्वी दीर्घिकांपैकीं शेंकडा सत्तर ते ऐंशीं मुख्यतः ताऱ्यांच्या जन्मावर चालतात. वीस ते तीस विवरावर. रेडिओ लहरींनाही धुळीची अडचण नाहीं. नवे तारे फुटून होणारा रेडिओ प्रकाश त्या दीर्घिकेच्या अवरक्त प्रकाशाशीं ठराविक प्रमाणांत असतो. त्याहून जास्त रेडिओ प्रकाश आढळला तर तो विवराच्या खातीं टाकावयाचा. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें उभारलेल्या तीस तबकड्यांच्या दुर्बिणीसारखीं यंत्रें याच कामाचीं.

आतां पुन्हां फाथ यांच्या त्या एन. जी. सी. १०६८ कडे वळावें, कारण सगळ्या अडचणी या एकाच घरांत नांदतात. ती सुमारें पावणेपांच कोटी प्रकाशवर्षें दूर आहे, म्हणजे या व्यवहारांत शेजारचीच. तिच्या गाभ्यांत सुमारें एक कोटी सूर्यांएवढें विवर आहे, आणि त्याच्याभोंवतीं सुमारें तीन हजार प्रकाशवर्षांवर नवजात ताऱ्यांचें एक वलय आहे. तिचा अवरक्त प्रकाश जवळजवळ निम्मा गाभ्याचा व निम्मा भोंवतालच्या ताऱ्यांच्या तबकडीचा. गाभा धुळीच्या जाड कड्याआड लपलेला असल्यामुळें रुंद रेषा सरळ दिसत नाहींत. १९८५ त अँटोनुची व मिलर यांनीं एक युक्ति केली. भिंतीआडचा दिवा दिसत नसला तरी समोरच्या धुरावर पडलेला त्याचा उजेड दिसतो, आणि असा विखुरलेला प्रकाश ध्रुवित असतो. तेवढाच प्रकाश गाळून घेतला, आणि त्यांत दडलेल्या रुंद रेषा स्वच्छ उमटल्या.

तरीही वांटणी व्हावयाची होती. त्यासाठीं अलीकडची सोय अशी कीं, दीर्घिकेचा एकच वर्णपट न घेतां तिच्या चित्रांतील प्रत्येक ठिपक्याचा निराळा वर्णपट घेतां येतो. चिलीमधील एका युरोपीय यंत्रांत एका वेळीं सुमारें नव्वद हजार वर्णपट मिळतात. मग गाभ्यापासून बाहेर जातांना ठिपके आलेखावर विवराच्या टोंकापासून ताऱ्यांच्या टोंकाकडे एका वळणदार वाटेनें उतरत जातात. दोन्ही टोंकें त्याच दीर्घिकेंतून घ्यावयाचीं, आणि मधल्या प्रत्येक ठिपक्याला दोहोंचें मिश्रण समजून वांटे काढावयाचे. मात्र येथेंही तिसरा भागीदार निघतो: विवरांतून सुटलेल्या झोतानें वायूला बसलेले धक्के. धक्का बसलेल्या वायूच्या रेषांचीं प्रमाणें विवराच्या प्रकाशाशीं इतकीं मिळतीं असतात कीं आलेखावर ते वेगळे करतां येत नाहींत. पण त्यांचा वेग चहाडी करतो. ताऱ्यांभोंवतींच्या शांत वायूंत हालचाल सेकंदास कांहीं दहा किलोमीटरची. धक्क्यांत ती शेंकड्यांवर जाते. २०१९ त जोशुआ डागोस्टिनो व सहकाऱ्यांनीं रेषांच्या प्रमाणांबरोबर हा वेगाचा विखार आणि गाभ्यापासूनचें अंतर जमेस धरून एन. जी. सी. १०६८ च्या प्रत्येक ठिपक्याचे तीन वांटे केले. विवराचा वांटा क्ष-किरणांच्या चित्राशीं, धक्क्यांचा रेडिओ चित्राशीं, आणि ताऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइडच्या थंड मेघांच्या चित्राशीं जुळला. हिशेबाची ताळेबंदी बाहेरच्या साक्षीदारांनीं मिळवून दिली, हें या कामांतलें विशेष. पूर्वीं ज्याला निखळ विवराचें समजत, त्यांत धक्क्यांची भेसळ बरीच होती असेंही त्यांना दिसलें.

२०२२ त तर याच दीर्घिकेकडून निराळेच दूत आले. दक्षिण ध्रुवावरील बर्फांत पुरलेल्या आइसक्यूब यंत्रानें २०११ ते २०२० या काळांतील नोंदींत तिच्या दिशेनें आलेले सुमारें ७९ अधिक न्यूट्रिनो दाखविले. ज्या क्रियेंत न्यूट्रिनो निर्माण होतात तींत गॅमा किरणही निघावयास हवेत. ते मात्र त्या मानानें फारच थोडे. ताऱ्यांच्या वलयांतून आले असते तर गॅमा किरण मोकळे सुटले असते. तेव्हां उगम विवराच्या अगदीं लगत, जेथें क्ष-किरणांची दाटी गॅमा किरणांना गिळून टाकते, तेथें असावा असें मानण्यांत येतें.

आलेखाची खरी कसोटी आतां दूरच्या काळांत लागत आहे. डिसेंबर २०२१ त सोडलेली जेम्स वेब दुर्बीण विश्वाच्या पहिल्या शंभर-दीडशें कोटी वर्षांतील दीर्घिका पाहते. त्या वेळीं ताऱ्यांनीं पुरेसा नायट्रोजन अजून घडविलेलाच नव्हता. त्यामुळें विवराच्या प्रकाशांतला वायुही आलेखावर डावीकडे सरकून नवजात ताऱ्यांच्या मुलखांत जाऊन बसतो, आणि १९८१ ची सीमारेषा तेथें मुकी होते. मग सेफर्ट यांच्या रुंद हायड्रोजन-रेषांकडेच परत यावें लागतें. वेबनें अशा रुंद रेषा असलेले लहान, तांबडे, दाट ठिपके मोठ्या संख्येनें हुडकून काढले आहेत. रुंद रेषा पाहतां आंत विवर असावें. परंतु विवराकडून अपेक्षित असलेले क्ष-किरण त्यांतील बहुतेकांत सांपडत नाहींत. कोणी म्हणतात, दाट वायूच्या कोशानें ते गिळले. कोणी म्हणतात, रुंदीचा कांहीं भाग वेगाचा नसून त्याच कोशांतील इलेक्ट्रॉनांवर प्रकाश विखुरल्यामुळें आलेला, आणि म्हणून विवरांचीं काढलेलीं वजनें फाजील मोठीं. तर कोणी त्यांतील प्रकाशाचा बराचसा भाग दाटीवाटीनें जन्मलेल्या ताऱ्यांकडे देऊं पाहतात. टेर्लेविच व मेल्निक यांनीं १९८५ त विचारलेला प्रश्न अशा रीतीनें, दुसऱ्या वेषांत, पुन्हां दारांत उभा आहे.